गेली की घालवली?

डोंबिवलीत पंखा थांबला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘लाईट गेली.’ काही घरांत ‘लाईट गेले’. तो वाद राहू दे. गंमत आहे ‘जाणे’ या क्रियापदात. ती आपल्या पायांनी गेली, म्हणजे येईलही. म्हणून कारण कुणी विचारत नाही. गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीत आहे का, एवढंच बघतात.

लोडशेडिंगच्या वर्षांत क्रियापद बदललं: ‘घालवली यांनी!’ वाक्याला कर्ता मिळाला. ‘यांनी’ म्हणजे कोण, ते सांगावं लागत नसे. वेळ आधीच माहीत. टाकीत पाणी चढवायचं, चटणी वाटून घ्यायची, इस्त्री उरकायची. चिडायलाही वेळापत्रक होतं.

या ‘घालवली’चं सरकारी रूप म्हणजे ‘भारनियमन’. शब्द घडणीला देखणा, पण मुरलेला कारकून. ‘शेडिंग’मध्ये टाकून देणं उघड दिसतं, ‘नियमन’ म्हटलं की शिस्त वाटते. टाकून दिलेला भार म्हणजे आपणच, हे त्यात दिसत नाही. तरी शब्द खोटा नाही. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की ग्रीडची वारंवारता 50 हर्ट्‌झच्या खाली घसरते. तेव्हा काही फीडर बंद केले नाहीत, तर सगळाच डोलारा कोसळू शकतो. आणि फीडर निवडताना हिशेब असे: गळती जास्त, वसुली कमी, तिथे अंधाराचे तास जास्त.

12 ऑक्टोबर 2020 ला मात्र ती खरोखर ‘गेली’. कळवा-पडघा दरम्यानच्या 400 केव्ही वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती. भार दुसरीवर आला, तीही बंद पडली. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. याला भारनियमन म्हणणं चूकच. भार आवरता आला नाही, म्हणून तर हे झालं.

‘वीजपुरवठा खंडित झाला’ हे वाक्य दोन्हीकडे चालतं, म्हणूनच मला ते आवडत नाही. कर्ता नाही, कारण नाही. त्यापेक्षा ‘दुरुस्तीसाठी बंद राहील’ प्रामाणिक. निदान कुणीतरी ठरवून बंद करतंय, हे त्यात कबूल आहे. सगळ्यांत सरळ मात्र आपलं घरगुती ‘घालवली’.

तेव्हा महावितरणच्या 1912 वर फोन लावण्याआधी त्यांचा आलेला मेसेज नीट वाचा, आणि समोरच्या इमारतीत आहे का तेही बघा. फोनवर पहिला प्रश्न बहुधा तोच येईल.