डोक्यावरची पट्टी, डोक्यातला धडा

मेंदूच्या लहरी नोंदवणारं ईईजी यंत्र प्रयोगशाळेतून उचलून शाळेच्या वर्गात नेण्याचे प्रयत्न दशकभर चालू आहेत. हाती काय लागलं, याचा हिशेब मांडायला हरकत नाही. माझा हिशेब असा: अख्ख्या वर्गाच्या सरासरी चित्राबद्दल ही विद्या थोडंफार बोलू लागली आहे, पण तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीबद्दल तिला अजून खात्रीनं काहीच सांगता येत नाही. बाजारात मात्र विकायला निघालंय ते नेमकं हे दुसरं.

सुरुवात बरी झाली होती. सुझान डिकर, डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका हायस्कूलमधल्या बारा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर ईईजीचे बिनतारी हेडसेट चढवले आणि सत्रभरात जीवशास्त्राच्या अकरा तासांची नोंद घेतली. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकेकट्या मेंदूत काय चाललंय यापेक्षा मुलांच्या लहरी एकमेकांशी किती जुळतात, हे त्यांनी मोजलं. मुलं तासात रमली की जुळणी वाढायची. तास सुरू होण्याआधी समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलेल्या जोड्यांमध्येही ती जास्त दिसली. वर्ग म्हणजे सुटी सुटी डोकी नव्हेत, हे कुठल्याही जुन्या शिक्षकाला ठाऊक असतं. इथे त्याला आकडा मिळाला.

पण रमणं म्हणजे शिकणं का? याच मंडळींनी २०१९ मध्ये प्रत्येक तासानंतर चाचणी घेऊन पाहिलं, आणि हा निकाल मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. व्याख्यानापेक्षा व्हिडिओच्या तासांत लहरींची जुळणीही जास्त होती आणि मुलांच्या लक्षातही जास्त राहिलं. मात्र कोणाच्या लक्षात किती राहिलं, याचा संबंध लहरींच्या जुळणीशी लागला नाही. तो लागला शिक्षकाबद्दल वाटणाऱ्या जवळिकीशी. ती मोजायला हेडसेट लागत नाही, साधा प्रश्न पुरतो. पुढे २०२३ मध्ये इडो डेव्हिडेस्को यांच्या गटानं चार विद्यार्थी आणि एक शिक्षक अशा नऊ गटांवर काम केलं. त्यात ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरींची जुळणी आणि चाचणीतले गुण यांचं नातं दिसलं. विद्यार्थ्यांच्या लहरी शिक्षकाच्या लहरींमागून साधारण ३०० मिलिसेकंदांनी येतात असं धरलं, तर शिक्षक-विद्यार्थी जुळणीवरूनही गुणांचा अंदाज येत होता. बोलणं ऐकून समजायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून हा शोध सुंदर आहे. फक्त ती प्रौढ, तरुण माणसं होती आणि तास मुद्दाम आखलेला होता. चाळीस मुलांच्या गोंगाटात काय होईल, ते त्यावरून ठरत नाही.

अडचण यंत्राच्या स्वभावातच आहे. कवटीवर पोहोचणारी मेंदूची वीज काही मायक्रोव्होल्टची असते. पापणी लवली, दात आवळले, मान वळली की त्याहून मोठा सिग्नल उठतो. आठ-दहा वर्षांचं मूल किती वेळ न हलता बसेल? आणि ‘लक्ष’ ही एकच एक गोष्ट नव्हे. डोळे मिटले की अल्फा वाढतात, हे हान्स बर्गर यांच्या काळापासून माहीत आहे. त्यांनी माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये नोंदवला. पण मन आत वळवून विचार करतानाही अल्फा वाढू शकतात. फळ्याकडे पाठ फिरवून मनातल्या मनात गणित सोडवणारी मुलगी यंत्राला लक्ष नसलेली वाटली, तर चूक कोणाची?

चीनच्या झेजियांग प्रांतात जिन्हुआ शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत ब्रेनको कंपनीच्या ईईजी पट्ट्या मुलांच्या कपाळावर आल्या. मूल एकाग्र असेल तर लाल दिवा, भरकटलं तर निळा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची चित्रफीत जगभर फिरली, लोक संतापले आणि स्थानिक शिक्षण खात्यानं प्रकार थांबवला. या प्रकरणात पाळतीवर बरंच लिहिलं गेलं. मला त्याआधीचा प्रश्न पडतो: तो लाल दिवा खरा होता, हे कोणी तपासलं होतं? न्यूयॉर्कच्या प्रयोगातली सरासरी बारा डोक्यांची आणि महिनोन्‌महिन्यांची होती. इथे एका डोक्यावर, त्या क्षणी, निकाल लागत होता.

अभ्यासक जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की मेंदूविज्ञानातून वर्गात थेट उडी मारता येणार नाही, मधे मानसशास्त्र हवं. त्याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटानं भारतीय लिप्या वाचताना मेंदू कसा काम करतो, याचा अभ्यास केला आणि डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी ‘डाली’ ही चाचणी घडवली. ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मराठी माध्यमातल्या मुलाची वाचनातली अडचण इंग्रजी चाचणीवर जोखण्याचा विचित्रपणा त्यामुळे टळतो. कुठेही तार नाही, दिवा नाही. मूल वाचतं, लिहितं, आवाज ओळखतं. अशा कामाची बातमी होत नाही, तेवढंच.

कायद्यांचा वेग मात्र संशोधनाहून जास्त दिसतो. युरोपीय संघानं शाळांमध्ये शरीराच्या नोंदींवरून भावना ताडणारी एआय यंत्रणा वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून बंद केली. ही बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. पण २०२५ मध्ये आलेल्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यातून सूट दिली. कपाळावरची पट्टी ‘शैक्षणिक काम’ ठरते की नाही, हे पहिली शाळा ती विकत घेईल त्याआधी विचारलेलं बरं.