बर्कचें भाकीत आणि लंकेचा अनुभव

एडमंड बर्क याचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथ १७९० सालीं प्रसिद्ध झाला. तो अद्यापि शिळा झालेला नाहीं. कोणत्याही देशांत लोकसमुदाय रस्त्यावर उतरला कीं सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत जो वाद सुरू होतो, त्यांतील एका पक्षाचें वकीलपत्र बर्कनें कायमचें घेऊन ठेविलें आहे. आम्हीं हा ग्रंथ अनेक वर्षें वर्गांत शिकविला. आणि खरें सांगावयाचें तर, बराच काळ ग्रंथकाराच्याच बाजूनें शिकविला. त्याची फेरतपासणी करावी असें आम्हांस वाटूं लागलें तें श्रीलंकेंतील २०२२ सालच्या घडामोडी पाहून.

बर्कच्या विवेचनाचा गाभा थोडक्यांत असा : राज्यसंस्था ही एकाच पिढीची मालमत्ता नव्हे; ती मोडणें सोपें, उभारणें दुष्कर; आणि मोडतोडीनंतर जी बेबंदशाही माजते तिचा शेवट एखाद्या लोकप्रिय सेनापतीच्या सत्तेंत होतो. बर्क १७९७ सालीं वारला आणि १७९९ सालीं नेपोलियननें सत्ता हस्तगत केली. ईजिप्तमध्येंही याच भाकिताचें प्रत्यंतर आलें. तेथें २०११ सालीं अवघ्या अठरा दिवसांच्या निदर्शनांनीं मुबारक यांची तीस वर्षांची राजवट कोसळली. २०१२ मध्यें निवडणूक झाली. २०१३ मध्यें सेनापति सीसी यांनीं निवडून आलेल्या अध्यक्षांस पदच्युत केलें आणि पुढल्याच वर्षीं ते स्वतः अध्यक्ष झाले. एवढ्यावरच थांबलें तर बर्कचा विजय निर्विवाद ठरेल.

परंतु आतां लंकेकडे वळूं. तेथील सरकारनें २०१९ च्या अखेरीस कर एकदम घटविले. २०२१ मध्यें रासायनिक खतांची आयात पूर्वतयारीवांचून बंद करून शेतकऱ्यांस संकटांत लोटलें. आणि एप्रिल २०२२ मध्यें परदेशी कर्जाची फेड थांबविली. इंधनासाठीं दिवसचे दिवस रांगा, अंधारलेलीं घरें, रुग्णालयांत औषधांची टंचाई, अशी स्थिति ओढवली. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तरुणांनीं तळ दिला. ९ जुलै रोजीं लोक अध्यक्षांच्या वाड्यांत शिरले. गोटाबाया राजपक्षे परदेशीं निघून गेले व तेथून त्यांनीं राजीनामा धाडिला.

त्यामुळें देशाचें दैन्य फिटलें काय? मुळींच नाहीं. वाड्याच्या तरणतलावांत पोहणाऱ्या तरुणांचीं चित्रें जगभर झळकलीं, पण त्यायोगें इंधनाचें एकही जहाज बंदराला लागलें नाहीं. सप्टेंबरांत महागाईवाढीचा दर सत्तर टक्क्यांच्या घरांत गेला. नवे अध्यक्ष विक्रमसिंघे यांस निवडलें तें जुन्याच संसदेनें, राजपक्ष्यांच्या पक्षाच्या पाठिंब्यावर. आणि निवडीनंतर दोनच दिवसांनीं सैनिकांनीं मैदानावरील तळावर धाड घातली. मार्च २०२३ मध्यें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें सुमारें तीन अब्ज डॉलरांचें साहाय्य मंजूर झालें, तेंही जनतेला जाचक अशा अटींवर. शिवाय ९ मे २०२२ रोजीं निदर्शकांवर हल्ला झाल्यावर जो सूड उसळला, त्यांत पुढाऱ्यांचीं घरें जळालीं व एक लोकप्रतिनिधि प्राणास मुकला. याकडे डोळेझाक करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

तथापि बर्कचें भाकीत येथें फसलें. सेनापति सिंहासनावर आला नाहीं. अधिकाराचा वारसा राज्यघटनेंतील कलमांप्रमाणें चालला. नोव्हेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आर्थिक अनर्थाची जबाबदारी राजपक्षे बंधूंवर व इतर अधिकाऱ्यांवर ठेविली. सप्टेंबर २०२४ मध्यें अनुर कुमार दिसानायके अध्यक्षपदीं निवडून आले. ज्या जनता विमुक्ति पेरमुणेचे ते नेते, त्या पक्षानें १९७१ सालीं व पुन्हां १९८७ ते ८९ या काळांत सशस्त्र उठाव केले होते. त्या रक्तपातांत व तो मोडून काढण्याच्या क्रौर्यांत हजारों तरुण बळी पडले, पण सत्ता हातीं आली नाहीं. त्याच पक्षाच्या आघाडीला २०२० सालीं संसदेंत अवघ्या तीन जागा होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्यें २२५ पैकीं १५९ मिळाल्या. बंदुकीला दोनदां जें साधलें नाहीं तें मतपत्रिकेला साधलें. आणि मतपत्रिकेचा तो मार्ग मोकळा झाला, यांत गॉल फेसवरील तरुणांचा वाटा मोठा होता.

यावरून बर्कच्या ग्रंथांतील उणीव आमच्या ध्यानांत येते. तो क्रांतीला तत्त्वज्ञांच्या डोक्यांतील खूळ मानतो; उपाशी माणसाची रांग त्याला दिसत नाहीं. राजाराणीच्या हालांनीं त्याचें अंतःकरण जितकें द्रवतें तितकें प्रजेच्या हालांनीं द्रवत नाहीं, हा टॉमस पेननें १७९१ सालीं घेतलेला आक्षेप आजही खोडतां येत नाहीं. गंमत अशी कीं, ज्या राज्याला स्वतःमध्यें सुधारणा करतां येत नाहीं तें टिकत नाहीं, हें बर्कला मान्यच होतें. हें सूत्र त्यानें राज्यकर्त्यांच्या दोषांस तितक्याच कठोरपणें लाविलें असतें, तर ग्रंथ अधिक न्याय्य झाला असता.

आमच्या मतें, रस्ता देशाला भाकरी देऊं शकत नाहीं. तो फक्त उन्मत्त सत्तेला हिशेब द्यावयास लावतो. त्या हिशेबाचें पुढें काय होतें, तें न्यायालय, संसद व निवडणूक यांचीं दारें उघडीं आहेत कीं नाहींत यावर अवलंबून असतें. ईजिप्तमध्यें तीं सैन्यानें बंद केलीं. लंकेंत तीं किलकिलीं कां होईना, पण उघडीं राहिलीं. म्हणून निदर्शकांस हुल्लडखोर म्हणून मोकळें होणाऱ्या आमच्यासारख्या सुस्थित गृहस्थांनीं स्वतःस आधीं एवढेंच विचारावें, कीं शांततेच्या काळांत हीं दारें उघडीं राहावींत म्हणून आपण काय केलें? बर्क आम्ही यापुढेंही शिकवूं; मात्र त्याच्या शेजारीं पेनलाही बसवूं.