दोर कोरडा होता का?

आमच्या वयाची माणसं आठवणी लिहायला बसली, की जुन्या मापांचं फार कौतुक करतात. मीही केलंय. कासराभर दिवस वर आला की औत जुंपायचं, दावं हातानं मोजायचं, बांध पावलांनी. घड्याळ नाही, टेप नाही, तरी कुणाचं काही अडलं नाही, असं आम्ही लिहितो. यातलं निम्मंच खरं आहे.

खरं ते आधी सांगतो. ‘हे रान दोन पायल्या पेऱ्याचं, ते तीन दिवसांच्या औताचं,’ असं वडील म्हणायचे. काळ्या रानात नांगर जड चालतो, दिवसभरात थोडंच उरकतं. मुरमाड रानात जास्त होतं. म्हणजे त्या मापात जमिनीचा पोत आला, बैलांचा घामही आला. सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरला त्यातलं काही कळत नाही.

पण अडलं नाही, हे खोटं. गरिबाचं अडलंच. सावकार उसनं धान्य देताना पायली हातानं निपटून द्यायचा. सुगीला दिढीनं परत घेताना तीच पायली शीग लावून भरून घ्यायचा.

आमच्या घरचंच बघा. आजोबांच्या वाटणीत रान अंबाडीच्या दोरानं मोजलं. सगळं मिळून तीस दोर भरलं, पंधरा-पंधरा ठरले. उगवतीकडून थोरल्या आजोबांचे पंधरा त्याच दुपारी मोजले. रात्री पाऊस झाला, दोर बाहेरच राहिला. सकाळी मावळतीकडून आमच्या आजोबांचे पंधरा त्याच ओल्या दोरानं मोजले. भिजला की दोर आखडतो. मधे एक पट्टी उरली, ती थोरल्यांनी नांगरून घेतली. आकडा दोघांचा पंधराच, मग तक्रार करायची कशाची? त्यानंतर वीस वर्षं ही दोन घरं एकमेकांचं पाणी प्याली नाहीत.

पुढं सरकारी मोजणी आली. साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. लोखंडी साखळी पावसात आखडत नाही. ती पट्टी तीन गुंठे निघाली, आमच्याकडं आली. तोवर आजोबा गेले होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या मापांचं कौतुक जरूर लिहावं, मीही लिहीन. पण माप कुणाच्या हातात होतं आणि दोर कोरडा होता का, हेही त्याच पानावर लिहावं.