नकाशाच्या रेषांमधून निसटलेला धबधबा

ॲडम शोल्ट्स यांचे 'अलोन अगेन्स्ट द नॉर्थ' (२०१५) हे पुस्तक मला आवडते आणि खटकतेही. कॅनडात जेम्स उपसागराच्या दक्षिणेला, दलदलीच्या निर्मनुष्य मुलखात, अगेन नावाची छोटी नदी आहे. २०१२ मध्ये शोल्ट्स होडीसकट तिच्या एका धबधब्यावरून खाली गेले. नकाशात तो नव्हताच. पुढच्या वर्षी ते मोजणीसाठी परतले.

कॅनडाच्या १:५०,००० नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. असे दुर्गम भागांचे नकाशे मुख्यतः विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवरून काढलेले. दोन समोच्च रेषांत १० मीटरचे अंतर धरले, तर ६ मीटरची उडी त्या फटीत सहज हरवते. वरून पाणी दिसते, पण त्याचा उतार नेमका कळत नाही. आणि होडीवाल्याला हवा असतो तो उतारच. शोल्ट्स यांची चिकाटी इथे खरी कामाला आली. पुस्तकातली उत्तम पानेही हीच.

खटकतो तो उपशीर्षकातला 'अज्ञात' हा शब्द. अज्ञात कोणाला? हा क्री लोकांचा मुलूख. इथल्या शेवाळी दलदलीला भूगोलात 'मस्केग' म्हणतात, तो शब्दच मुळी क्री भाषेतला! छापील नोंद नसणे वेगळे, ठाऊक नसणे वेगळे. हा फरक पुस्तकाच्या नावातच पुसला जातो.

शिवाय जमीनही स्थिर नाही. हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यापासून हा किनारा शतकाला सुमारे एक मीटर वर येतो आहे. म्हणून अशा नकाशावर मी नद्यांच्या नावांआधी समासात छापलेले छायाचित्रांचे साल शोधतो.