सक्तीची खोली

मागच्या जुलैत धारहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, पोरीचा इंदूरच्या कॉलेजात नंबर लागला. पण पहिलं वर्ष होस्टेलातच राहावं लागतं म्हणे. सक्तीचं आहे."

मी इकडे देवासला आठ दिवस आधीच माडीवरची खोली झाडून, गादीला नवी खोळ घालून ठेवली होती. धार ते इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, रोज जाणं-येणं जमायचं नाही. देवासहून मात्र पस्तीस-चाळीसच. मुलगी मामाच्या घरी राहील, घरचं जेवेल, दिवस मावळायच्या आत ताट होईल, असा आमचा सगळ्यांचा हिशेब. माहितीपत्रातल्या एका ओळीनं तो मोडला. वर होस्टेलचे पैसे आणि मेसचेही पैसे, आणि मेसमध्ये रात्रीचं जेवण साडेसातनंतर. म्हणजे जी चौविहार पाळते तिनं दोन वेळच्या जेवणाचे पैसे भरायचे आणि एकच वेळ जेवायचं! माझा संताप झाला. हा लेख त्या संतापातच लिहायला घेतला होता. पुढे माझंच मत थोडं बदललं, तेही सांगते.

कॉलेजवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आवारात राहिलं की बसचा वेळ वाचतो, ग्रंथालय हाताशी असतं, गावोगावच्या मुलींची ओळख होते, भाषा सुधारते. सगळं खरं. पण ज्या गोष्टीत इतका फायदा आहे ती सक्तीनं का द्यावी लागते? चांगल्या मिठाईच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक ओढून आणत नाही. मोठाल्या इमारती बांधून झाल्यात, त्यातले पलंग भरायचे आहेत, हेही एक कारण असणारच. ते मात्र माहितीपत्रात कुणी छापत नाही.

माझं माहेर सांगलीकडचं. आमच्याकडे 'बोर्डिंग' हा शब्द घरातल्या माणसासारखा. आजोबांच्या पिढीतली किती तरी खेड्यातली जैन मुलं कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहायला हात दिला. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा शहरात आणि मुलगा खेड्यात, राहायचं कुठं आणि जेवायचं काय, या अडचणीवर ते उत्तर होतं. ज्याला छप्पर नाही त्याला छप्पर. ज्याचं घर पेठेतच आहे त्याला ओढून आणण्याचा तिथं प्रश्नच नव्हता.

आमच्या माळव्यात त्याच काळात वसतिगृहाची दुसरी तऱ्हाही होती. इंदूरच्या डेली कॉलेजात संस्थानिकांची मुलं शिकायला ठेवत. त्यांना काय घर नव्हतं? वाडे होते! पण इंग्रजांना ती मुलं वाड्यापासून, आया-आज्यांपासून लांब ठेवून आपल्या वळणाची घडवायची होती. एका तऱ्हेत घर नसलेल्याला घर मिळतं, दुसरीत घर असलेल्याला घरापासून तोडतात. आजची सक्ती या दोघींतल्या कुणाची लेक आहे, ते वाचकांनीच ठरवावं.

आपल्या बोर्डिंगचं नुसतं कौतुक करूनही चालणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातच राहत होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करूनच पंगतीला बसायचं, हा नियम त्यांनी मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्याविषयी सांगतात. पुढे याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या जुन्या सोवळ्याच्या जैन घरातल्या होत्या. त्यांना हे कुणी सक्तीनं करायला लावलं नव्हतं.

आता अलीकडची गोष्ट. डॉक्टरकीच्या पदव्युत्तर शिक्षणाचे २०२३ चे जे नियम आहेत, त्यात एक वाक्य मला फार आवडलं. विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय करणं कॉलेजला बंधनकारक, पण तिथं राहणं विद्यार्थ्यांना बंधनकारक नाही. बस्स, इतकंच! बंधन कुणावर टाकायचं ते इथं नेमकं ओळखलंय. हाच नियम आमच्या भाचीच्या कॉलेजला का नसावा?

इथवर माझा लेख सरळ चालला होता. दिवाळीत भाची आली. मी तिच्यासमोर कॉलेजला नावं ठेवायला लागले, तशी ती म्हणाली, "मामी, रागावू नकोस. ते सक्तीचं होतं म्हणून तर मी सुटले."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पप्पांनी होस्टेलला कधीच पाठवलं नसतं. "तुझ्याकडे राहिले असते, तर कितीची बस, किती वाजता घरी, सोबत कोण, हे रोज धारला कळलं असतं. पप्पांना वाद घालायला कॉलेजची सही-शिक्क्याची ओळ लागली. माझं ऐकलं नसतं त्यांनी."

भाऊजी वाईट नाहीत. मुलीसाठी कर्ज काढतील. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि माडीवरची माझी झाडलेली खोलीही त्यात आली. मला जरा लागलंच.

मग माझंच आठवलं. मतदानाचं वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आलं, तेव्हा मी बी.ए.ला होते. देशाचं सरकार निवडायला मी चालत होते. पण कोल्हापूरला राहून एम.ए. करते म्हटलं, तर दादांनी एका वाक्यात संपवलं, "आपल्या घरातल्या मुली होस्टेलात राहत नाहीत." पुढच्या वर्षी लग्न होऊन देवासला आले. दादांचं ते वाक्य आणि कॉलेजची ही ओळ, दिसायला उलट. एक म्हणतं होस्टेल नाहीच, दुसरी म्हणते होस्टेलच. पण दोन्हींत मुलीला कुणी विचारलेलं नाही.

म्हणून भाचीचं ऐकूनही मी सक्तीच्या बाजूची झाले नाही. आमच्या मुलीला घराबाहेर पडायला नियमाचा धाक लागतो, ही कॉलेजची बढाई नव्हे, आमची लाज आहे.

शिवाय सुटली म्हणजे कुठं सुटली? रात्री साडेआठला मुलींच्या होस्टेलचं फाटक बंद. मुलांचं उघडं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहातल्या मुलींवर मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. २०२२ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजातल्या मुली याच फाटकासाठी केरळच्या उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा न्यायालयानंही विचारलं, की फक्त मुलींनाच का कोंडता? कागदावर सगळं आहे. फाटकावरच्या काकांपर्यंत पोचलेलं नाही.

जेवणाचं भाचीनं स्वतःच सोडवलं. मी म्हणत होते तसं "आम्ही जैन, आमचं वेगळं करा" असा अर्ज तिनं दिला नाही. रमजानात जिला पहाटे जेवण लागणार ती एक, नवरात्राचे नऊ उपास करणारी एक, पोटाच्या दुखण्यानं वेळेवर खावं लागतं अशी एक, आणि ही. चौघींनी मिळून लिहून दिलं, की मागाल त्या वेळी डबा मिळावा. थंडीत दिवस सहाच्या आधी मावळतो, तेव्हा पाचलाच हिचा बिनकांद्याचा डबा भरून मिळायला लागला. हे मला सुचलं नसतं.

आता मंदिरात बायका म्हणतात, इंदूरला आपल्या समाजाचं मुलींचं होस्टेल हवं. जरूर हवं. मीही वर्गणी देईन. पण आधी ट्रस्टींना तीन गोष्टी विचारीन. फाटकाची वेळ मुलांच्या होस्टेलइतकीच आहे का? कारभारात राहणाऱ्या मुलींपैकी कुणी आहे का? आणि एखादी भाऊरावांसारखी नियम मोडणारी निघाली, तर तिला काढाल की ऐकून घ्याल?

तुमच्या घरात यंदा कुणी बारावीला असेल, तर एवढं करा. होस्टेलचा फॉर्म आला की तो आधी तिच्या हातात द्या. वडिलांच्या सहीची जागा खाली असते, ती नंतर भरता येईल.

माडीवरची खोली मी अजून झाडून ठेवते. शनिवारी वाटलं तर येते भाची. वाटलं नाही तर नाही येत.