शुक्रावर अन्न शोधणारी चित्रकथा

चित्रकथांतले विज्ञान चुकीचे असते, म्हणून त्या वर्गात नकोत, असे शिक्षकांकडून पुष्कळदा ऐकू येते. हे मत तपासून पाहायला ब्रिटनमधील 'डॅन डेअर' ही चित्रकथा फार उपयोगी आहे.

१४ एप्रिल १९५० रोजी 'ईगल' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. संपादक मार्कस मॉरिस हे धर्मोपदेशक. अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांच्या चित्रपुस्तिका मुलांच्या हाती पडतात, याने ते अस्वस्थ होते. मुखपृष्ठावरच फ्रँक हॅम्प्सन यांचा अवकाशवैमानिक डॅन डेअर झळकला. पृथ्वीवर अन्नाचा तुटवडा पडला आहे आणि शुक्रावर अन्न मिळेल या आशेने मोहीम निघते, अशी ही कथा. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होते. ते १९५४ मध्ये संपले. कल्पना कुठून आली असेल, हे वेगळे सांगायला नको.

या कथेतल्या शुक्रावर हवा श्वसनयोग्य आहे, वनस्पती आहेत, विषुववृत्तावर अग्नीचा पट्टा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे समाज नांदतात. प्रत्यक्षात तिथे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आणि दाब पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट! 'मरिनर-२' यान १९६२ मध्ये शुक्राजवळून गेले, तेव्हा ही हिरवी स्वप्ने करपली. पण '१९५० मध्ये कुणाला काय ठाऊक?' असे म्हणून हॅम्प्सन यांना सोडून देता येत नाही. शुक्राच्या वातावरणात कार्बन डाय-ऑक्साइड आहे हे अ‍ॅडम्स व डनहॅम यांना १९३२ मध्येच वर्णपटावरून कळले होते. या वायूमुळे पृष्ठभाग उकळत्या पाण्याहूनही तापलेला असावा, असे गणित रूपर्ट विल्ट यांनी १९४० मध्ये मांडले होते. सुरुवातीला आर्थर क्लार्क यांच्यासारखा सल्लागार असूनही कथेने सोयीचा शुक्र निवडला.

तरीही मी ही चित्रकथा बाद करणार नाही. हॅम्प्सन यांच्या चित्रशाळेत यानांच्या प्रतिकृती तयार होत. सहकारी वेशभूषा करून उभे राहत, त्यांची छायाचित्रे घेऊन मग चित्र काढले जाई. त्यामुळे एकच यान निरनिराळ्या कोनांतून पाहिले तरी तेच राहते, सावली प्रकाशाच्या उलट दिशेलाच पडते. गृहीतक चुकीचे, पण त्यापुढची मांडणी काटेकोर. विद्यार्थ्यांना हा फरक दाखवून देण्यासारखा आहे. पहिल्या मोहिमेत जोसेलिन पीबडी ही शास्त्रज्ञ आहे. स्त्री म्हणून तिला नेण्यास मोहिमेचे प्रमुखच नाखूश असतात. ती मात्र आपल्या ज्ञानाच्या जोरावर टिकते. १९५० च्या मानाने हे मोठेच.

माझा खरा आक्षेप मेकॉनवर आहे. ट्रीन लोकांचा हा हुकूमशहा म्हणजे अवाढव्य डोके, काटकुळे शरीर, तरंगते आसन आणि भावनांचा पूर्ण अभाव. बुद्धी वाढली की माणुसकी आटते, हे समीकरण त्यात गृहीत धरले आहे. शुक्राची चूक एका यानाने दुरुस्त केली. हे समीकरण मात्र अजून चित्रपटांत आणि मुलांच्या निबंधांत टिकून आहे. म्हणून मेकॉनचे चित्र फळ्याशेजारी लावावे आणि मुलांशी त्यावर भांडावे, असे मला वाटते.

१९७७ मध्ये '२००० एडी' हे साप्ताहिक आले. त्याच्या दुसऱ्या अंकापासून जॉन वॅगनर व कार्लोस एझक्वेरा यांचा जज ड्रेड अवतरला. पोलीसही तोच, न्यायाधीशही तोच. धोका आता परग्रहावरून येत नव्हता, तो आपल्याच शहरात होता. उपरोध म्हणून हे लेखन डॅन डेअरपेक्षा सरस आहे. विज्ञान मात्र त्यात तोंडी लावण्यापुरतेच.

हॅम्प्सन यांनी १९५९ मध्ये डॅन डेअर सोडला. त्याचे हक्क प्रकाशकाकडे होते. १९७५ मध्ये इटलीतील लुका येथे, दुसऱ्या महायुद्धानंतरचे सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून त्यांचा गौरव झाला. त्या काळात ते एका तांत्रिक महाविद्यालयात तंत्रज्ञाची नोकरी करत होते.