मुलांच्या चित्रातले घर

नाशिक रोडच्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या चाळताना आम्हांस बहुधा एकच घर भेटते: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि त्रिकोणी छप्पर. इगतपुरीच्या मुसळधार पावसास असे उतरते छप्पर शोभते. परंतु कमी पावसाच्या येवला-सिन्नरकडील धाब्याची घरे, त्यांचे दगडी जोते, सागवानी खांब, उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या मातीच्या जाड भिंती व त्यांतील देवळ्या या चित्रात कोठेच नाहीत. दोष बालकांचा नव्हे. आजोळचे घर सुंदर आहे, हे त्यांस कोणी सांगितलेच नाही. मग उद्या ते पाडताना त्यांना हळहळ तरी का वाटावी? शिक्षकांनी फळ्यावरचा नमुना पुसावा. पालकांनी मुलांना त्या ओट्यावर बसवून भिंतीची जाडी वितीने मोजू द्यावी. त्यानंतर काढलेले घर वेडेवाकडे असेल, पण पाहिलेले असेल.